गेममध्ये सांगितलेलं फीचरच नाही? रिफंड मागताना या चुका टाळा

मी पुण्यात, मामेभाऊ नाशिकला, आणि आम्ही दोघांनी ठरवून एकच गेम आपापला घेतला तो फक्त एवढ्यासाठी की ट्रेलरमध्ये दोन जण एकत्र खेळताना दाखवलेले. रात्रभर डाउनलोड लावला, सकाळी उघडून बघतो तर मेनूमध्ये को-ऑपचं (एकत्र खेळायचं) बटण राखाडी, क्लिकच होईना, आणि खाली बारीक अक्षरात 'लवकरच'. म्हटलं येईल की, तोवर एकट्यानं खेळू. तीन आठवडे वाट बघून रिफंड मागितला तेव्हा माझे अकरा तास झालेले आणि दुकानानं दोन ओळींत नाही म्हणून टाकलं. कुठला गेम, कुठलं दुकान ते सोडा, कारण फीचर दिलं नाही ही त्यांची चूक असली तरी पैसे गेले ते माझ्या चुकीनं गेले.

बहुतेकांचं असंच होतं. आपल्याला वाटतं की वचन मोडलं म्हणजे पैसे परत मिळणारच, साधी गोष्ट आहे. पण डिजिटल दुकान पहिल्यांदा वचन बघतच नाही, ते घड्याळ बघतं. वचनाचा विषय निघालाच तर नंतर निघतो, आणि तेव्हा तुमच्याकडे पुरावा लागतो.

चूक १: 'पॅच (नंतरची दुरुस्ती) येईल' म्हणून थांबणं

ही सगळ्यात महागडी चूक. नो मॅन्स स्काय आठवतोय ना, ऑगस्ट २०१६? इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या हॅलो गेम्स स्टुडिओचा, अंतराळात फिरायचा गेम. रिलीजच्या आधी स्टुडिओचा प्रमुख शॉन मरे याच्या मुलाखतींमधून लोकांचा समज झालेला की अफाट विश्व आहे, भेट होणं अवघड, पण नशीब असेल तर दुसरा खेळाडू दिसेल. पहिल्याच दिवशी दोन जण ठरवून एकाच ग्रहावर एकाच जागी जाऊन उभे राहिले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. मग रिफंडसाठी झुंबड उडाली, पन्नास-पन्नास तास खेळलेल्यांनाही पैसे परत मिळाले अशा बातम्या फिरल्या, आणि ते ऐकून बाकीचे पण धावले. तर स्टीमनं (पीसी गेम विकणारं मोठं ऑनलाइन दुकान) गेमच्या पानावरच लिहून टाकलं की या गेमला नेहमीचाच रिफंडचा नियम लागू आहे, वेगळी सूट नाही. खरं मल्टिप्लेअर आलं ते जुलै २०१८ च्या नेक्स्ट अपडेटमध्ये, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी. आज तो गेम भारी आहे, मी स्वतः खेळतो, पण पहिल्या आठवड्यात 'येईल' म्हणून जो थांबला त्याची रिफंडची चौदा दिवसांची मुदत त्या दोन वर्षांत किती वेळा संपली ते बघा.

म्हणून ज्या फीचरसाठी घेतला ते पहिल्या अर्ध्या तासात शोधायचं. स्टोरी नंतर, ग्राफिक्सची सेटिंग नंतर, कॅरेक्टरचं नाक लांब की बसकं ते तर फारच नंतर. नाही सापडलं तर त्याच दिवशी रिफंड टाका. पुढे कधी फीचर आलं तर गेम कुठं पळून जात नाही, उलट तोवर सेलमध्ये स्वस्त मिळेल, आणि स्टीमनं तर स्वतःच लिहिलंय की रिफंड घेऊन तोच गेम सेलच्या भावात परत घेतला तर त्याला ते गैरवापर समजत नाहीत.

चूक २: सगळ्या दुकानांचं घड्याळ एकच समजणं

स्टीमवर जून २०१५ पासून नियम असा की खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं, मग कारण काहीही द्या, पैसे परत. पण हे दोन तास म्हणजे मजेत खेळलेले दोन तास नाहीत हं. गेम उघडा आहे म्हणजे मीटर चालू, रिक्षासारखं, उभी असली तरी वेटिंग पडतंच. मेनूवर सोडून जेवायला गेलात, शेडर (ग्राफिक्सची आधीची तयारी) तयार होत बसलेत, गेमचा स्वतःचा लाँचर (गेम सुरू करायची खिडकी) उघडा राहिला, बऱ्याचदा हे सगळं मोजलं जातं. लायब्ररीत गेमच्या नावाजवळ खेळलेला वेळ दिसतो, त्यावर नजर ठेवा.

अजून एक बदल बऱ्याच जणांना माहीत नाही. महागडी एडिशन घेतली की दोन-तीन दिवस आधी खेळायला देतात ना, तो वेळ पूर्वी या दोन तासांत धरत नव्हते, त्यामुळे लोक वीकेंडभर खेळून मग रिफंड मागायचे. एप्रिल २०२४ मध्ये स्टीमनं ती फट बुजवली, आता तोही वेळ मोजतात.

प्लेस्टेशनचं गणित पार वेगळं. तिथं चौदा दिवस आहेत पण डाउनलोड किंवा स्ट्रीमिंग सुरू केलं की विषय संपला, गेम खराब असल्याचं पटवून दिलं तरच पुढचं बोलणं. आता गंमत बघा, फीचर आहे की नाही हे डाउनलोड केल्याशिवाय कळणार कसं? आणि ऑटो डाउनलोड चालू असेल तर तुम्ही ऑफिसात असताना घरी कन्सोल आपणहून डाउनलोड सुरू करतो आणि तुमचा हक्क तुम्ही गेम बघायच्या आधीच जातो. प्री-ऑर्डर करणाऱ्यांनी हे सेटिंग आधी बंद करा, आणि रिलीजच्या दिवशी दुसऱ्या कुणाचा तरी व्हिडिओ बघून मगच डाउनलोडला हात लावा. एक्सबॉक्सवर बरोब्बर उलटं, तिथल्या नियमात रिफंड मागायच्या आधी गेम डाउनलोड करून एकदा उघडलेला असावा असं आहे, चौदा दिवस आहेत आणि खेळलेला वेळ 'फार' नसावा, फार म्हणजे किती ते मात्र त्यांनाच ठाऊक.

एपिक या पीसीच्या दुकानाचं स्टीमसारखंच, चौदा दिवस आणि दोन तास, पण गेममधली करन्सी आणि स्किन (पात्रांचे वेश) त्यात येत नाहीत. जीओजी हे तसलंच दुकान सगळ्यात दिलदार, तीस दिवस, खेळलेला असला तरी. मोबाइलवर गूगल प्लेचे अठ्ठेचाळीस तास लक्षात ठेवा, त्यानंतर डेव्हलपरच्या दारात जायला सांगतात. निन्टेंडोच्या ईशॉपवर विकत घेतलं की घेतलं, तिथं आधी विचार करा.

चूक ३: मुलाखत आणि स्टोअरचं पान यात फरक न करणं

इथं जरा थांबतो, कारण सगळी भांडणं इथंच हरली जातात.

वचन कुठं दिलं होतं? यूट्यूबवरच्या गप्पांमध्ये, एखाद्या ट्वीटमध्ये, दोन वर्षांपूर्वीच्या ट्रेलरमध्ये, की तुम्ही पैसे भरलेत त्या पानावर? आपल्याला ते सगळं एकच वाटतं, 'ते बोलले होते' एवढंच डोक्यात असतं. पण तक्रार ऐकणारा माणूस विकताना काय लिहिलं होतं ते बघतो. नो मॅन्स स्कायच्याच बाबतीत ब्रिटनच्या जाहिरात नियामकाकडे तक्रारी गेल्या की स्टीमच्या पानावरचे व्हिडिओ आणि स्क्रीनशॉट फसवे आहेत. त्यांनी चौकशी केली आणि नोव्हेंबर २०१६ च्या शेवटी निकाल दिला की जाहिरातीनं नियम मोडलेला नाही. मुद्दा असा की तिथं तपासलं गेलं ते स्टीमचं पान. तीन वर्षं लोकांनी ज्या मुलाखती ऐकून स्वप्नं रंगवली त्यांचा तिथं हिशोबच नव्हता.

तेव्हा खरेदी करतानाच स्टोअरच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारीख दिसेल असा. वर्णन, फीचरची यादी, उजव्या बाजूला 'ऑनलाइन को-ऑप', 'मराठी सबटायटल' वगैरे (मराठीचं आपलं उगाच, आशा म्हणून) जे काही लिहिलं असेल ते. पान नंतर बदलतं, आणि बदललं की तुमच्या हातात फक्त आठवण उरते.

चूक ४: अर्ली अॅक्सेसच्या रोडमॅपला पावती समजणं

अर्ली अॅक्सेस म्हणजे अर्धवट असतानाच विकायला काढलेला गेम, आणि रोडमॅप म्हणजे पुढे काय काय येणार त्याची यादी, म्हणजे नुसता इरादा. केर्बल स्पेस प्रोग्रॅम २ फेब्रुवारी २०२३ मध्ये अर्ली अॅक्सेसमध्ये आला, किंमत पन्नास डॉलर, रोडमॅपवर वसाहती, ताऱ्यांपलीकडचा प्रवास, मल्टिप्लेअर, सगळं छान चित्रासकट. डिसेंबरमध्ये विज्ञानाचं एक मोठं अपडेट आलं आणि २०२४ मध्ये स्टुडिओच बंद पडला. वसाहती नाहीत, मल्टिप्लेअर नाही. ज्यांचे दोन तास कधीच उलटून गेलेले त्यांना नेहमीच्या नियमात काही बसत नव्हतं, कारण स्टीम आधीच लिहून ठेवतं की अर्ली अॅक्सेसमधले काही गेम पूर्ण होणारच नाहीत, आज जसा आहे तसा आवडत असेल तरच घ्या. ते वाक्य आपण कुणीच वाचत नाही, बसच्या तिकिटामागचा मजकूर वाचत नाही तसं.

सीझन पासचं, म्हणजे पुढे येणाऱ्या भागांचे पैसे आधीच भरण्याचं, मात्र थोडं बरं झालंय. नोव्हेंबर २०२४ पासून स्टीमनं डेव्हलपरांना बांधून घेतलंय की पासमध्ये काय काय येणार आणि साधारण कधी ते आधी सांगायचं, आणि त्यातलं एखादं डीएलसी (गेमचा जोडभाग) रद्द केलं तर न आलेल्या भागाचे पैसे परत द्यायचे. म्हणजे पास घेतलाय आणि तिसरा भाग येणार नाही असं जाहीर झालं तर गप्प बसू नका.

चूक ५: 'स्टुडिओ म्हणाला रिफंड मिळेल' यावर विसंबणं

डिसेंबर २०२० चा सायबरपंक २०७७. जुन्या कन्सोलवर गेम अक्षरशः लंगडत होता, १४ डिसेंबरला तो बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट स्टुडिओनं माफी मागितली आणि नको असेल तर रिफंड मागा म्हणाले. लोक गेले प्लेस्टेशनकडे, आणि बऱ्याच जणांना तिथून नकार आला, कारण स्टुडिओनं प्लेस्टेशनवाल्या सोनीशी तसं काही वेगळं ठरवलेलंच नव्हतं. दोन-तीन दिवस सगळा गोंधळ, मग सोनीनं गेम दुकानातूनच काढला, सगळ्यांना पैसे परत द्यायला लागले, आणि तो परत दुकानात आला थेट २१ जून २०२१ ला. यातून धडा एवढाच घ्या की पैसे ज्यानं घेतले तोच परत देतो. पहिला नकार आला तर चिडून सोडून देऊ नका, आठवड्याभरानं परत अर्ज करा, तोवर धोरण बदललेलं असू शकतं.

आणि उलटं पण होतं. द डे बिफोर, मोठा ऑनलाइन झॉम्बी जगाचा गेम म्हणून ट्रेलर दाखवलेले, ७ डिसेंबर २०२३ ला आला तेव्हा भलताच छोटा निघाला, आणि चार दिवसांत स्टुडिओच बंद करतोय म्हणून त्यांनी सांगितलं. तिथं शेवटी सगळ्यांना रिफंड दिला, कितीही तास खेळलेले असोत. पण असं वर्षातून एखाद्या गेमचं होतं, लॉटरी समजा.

चूक ६: रागाच्या भरात अर्ज लिहिणं, किंवा थेट बँकेत जाणं

अर्जात 'तुम्ही चोर आहात' लिहून काही होत नाही, वाचणारा माणूस दिवसाला असे ढीगभर वाचत असेल. तीन-चार ओळी पुरे. स्टोअरच्या पानावर अमुक तारखेला ऑनलाइन को-ऑप लिहिलेलं होतं, गेममध्ये ते बटण चालत नाही, याच फीचरसाठी घेतला होता, स्क्रीनशॉट जोडलाय किंवा मागितला तर देतो. बास. मुदत उलटली असली तरी स्टीमवर अर्ज करता येतो, नियमाबाहेरचेही बघतो असं त्यांनीच लिहिलंय, मिळेलच असं नाही पण विचारायला पैसे पडत नाहीत.

बँकेत किंवा कार्डवाल्याकडे वाद घालून पैसे ओढून घेणं हा मात्र शेवटचा आणि धोक्याचा रस्ता. दुकान ते भांडण समजतं आणि अकाउंटवर बंधनं घालतं, आणि एका गेमच्या हजार रुपयांपायी दहा वर्षांची लायब्ररी अडकते. एका मित्राचं झालंय, त्यानं नंतर स्वतःहून पैसे भरले आणि वर माफी मागितली.

पैसे कुठं येणार तेही अर्ज करताना बघा. वॉलेट की मूळ पेमेंट असं विचारतात, घाईत वॉलेट निवडलं तर ते पैसे बँकेत आणता येत नाहीत. काही पेमेंटच्या प्रकारांत उलट जाण्याची सोयच नसते, तेव्हा आपोआप वॉलेटमध्येच पडतात. आणि गेमची 'की' (चालू करायचा कोड) बाहेरच्या साइटवरून स्वस्तात घेतली असेल तर स्टीम हात वर करणार, जिथून घेतली तिथंच भांडा.

कायदा कुठं कामाला येतो

तुम्ही किंवा घरातलं कुणी परदेशात असाल तर तिथला कायदा दुकानाच्या नियमापेक्षा मोठा असू शकतो. ऑस्ट्रेलियात ग्राहक आयोगानं स्टीमवाल्या वॉल्व्हला कोर्टात खेचलं आणि २०१६ मध्ये तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला, रिफंडचा हक्कच नाही असं ग्राहकांना सांगितल्याबद्दल. २०२० मध्ये सोनीच्या युरोप कंपनीला पस्तीस लाखांचा, त्यात डाउनलोड केलं की रिफंड नाही हे सांगणंही आलं. सिडनी-मेलबर्नच्या मंडळींनी म्हणूनच 'आमच्या धोरणात नाही' हे उत्तर ऐकून घेऊ नये. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात डिजिटल वस्तू वर्णनाप्रमाणे असली पाहिजे हे स्पष्ट लिहिलंय, पण आधी दुरुस्तीची संधी द्यावी लागते, मग किंमत कमी करून मागता येते.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीचा मुद्दा आहे, आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत डिजिटल वस्तूही येतात, भारतात विकणारी परदेशी कंपनीसुद्धा. आधी दुकानाकडे लेखी तक्रार करा, तिचा नंबर जपून ठेवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा, मराठीत बोललात तरी चालतं. ग्राहक आयोगात जायचं तर दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि पाच लाखांपर्यंतच्या मामल्याला फी नाही. आठशे रुपयांच्या गेमसाठी कुणी आयोगात जाईल असं मला वाटत नाही, पण चार हजारांची डिलक्स एडिशन आणि वर सीझन पास असेल तर निदान १९१५ ला फोन लावाच.

मामेभाऊ, बाय द वे, माझ्यापेक्षा शहाणा निघाला. त्यानं तोच गेम पहिल्या रात्री चाळीस मिनिटं बघून परत केलेला, मला सांगितलं नाही एवढंच.