कॉकर स्पॅनियलचे कान आणि पावसाळा

कॉकर पाळणारे केसांची काळजी मन लावून करतात, पण डॉक्टरांकडे खेपा घालायला लावतात ते कान. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते, मग आडवी वळते. कॉकरच्या नळीवर त्यातून जड, केसाळ पाळ झाकणासारखी पडलेली. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत आतला ओलावा सुकतच नाही आणि त्वचेवर एरवीही थोडं असणारं मॅलॅसेझिया हे यीस्ट फोफावतं.

म्हणून रोज पाळ उलटून वास घ्या. निरोगी कान फिकट गुलाबी आणि जवळजवळ बिनवासाचा असतो. आंबूस वास, तपकिरी चिकट मळ, पू, लाली किंवा हात लावताच कळवळणं, यातलं काही दिसलं तर घरी कान धुऊ नका. पडदा फाटला असेल तर औषध आत उतरतं, ऐकू येणं आणि तोल दोन्ही जाऊ शकतात. मागच्या खेपेचे उरलेले थेंबही याच कारणाने नकोत.

निरोगी कान पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, एरवी पंधरा दिवसांनी साफ केला की पुरे. जास्त धुण्यानेही त्वचा ओली राहून बिघडते. डॉक्टरांनी सुचवलेलं इअर क्लीनर नळी भरेपर्यंत ओता, कानाचं मूळ बाहेरून वीस-तीस सेकंद चोळा. पचपच आवाज यायला हवा. मग त्याला डोकं झटकू द्या. वर आलेला मळ बोटाला कापूस गुंडाळून, बोट सहज जाईल तिथपर्यंतच पुसा. इअरबडने मळ वळणापाशी ठासला जातो. खोबरेल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतलं काहीही घालू नका.

पाळीच्या आतल्या बाजूचे, वरच्या एक तृतीयांश भागातले केस ट्रिमरने बारीक ठेवा, वारा लागतो. पाण्याचं भांडं अरुंद तोंडाचं, खोल घ्या. कान बाहेर राहतात. गोचीड पाहताना पाळीच्या घड्या आणि बोटांच्या बेचक्या चुकवू नका.

पाऊस सरल्यावर गवताला कुसळं धरतात. फिरून आल्यावर कुत्रा अचानक एकच कान झटकू लागला, मान तिरकी धरली, तर कुसळ आत गेलं असं समजा. त्याचे काटे त्याला पुढेच सरकू देतात, मागे येऊ देत नाहीत. काही न ओतता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. झटकून झटकून पाळीतली रक्तवाहिनी फुटते आणि कान उशीसारखा फुगतो. तसं झालं तर सुई टोचून रक्त काढणं पुरत नाही, मूळ खाज थांबवावीच लागते.