घरी केलेलं रेकॉर्डिंग खराब येतंय? बिघाड नक्की कुठे आहे ते असं शोधा

आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी घरीच रेकॉर्ड केल्या. साधा यूएसबी माइक, जुना लॅपटॉप आणि ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, बस. पण पहिल्या तीन दिवसांचं सगळं टाकून द्यावं लागलं, कारण मी धरून चालले होते की जे काय खराब येईल ते नंतर एडिटिंगमध्ये काढू. नाही निघत हो. आणि म्हाताऱ्या माणसाला तेच परत परत म्हणायला लावणं जिवावर येतं. म्हणून हे लिहून ठेवतेय, घरच्यांचा आवाज, गाणं, पॉडकास्ट, जे काही करत असाल त्याला हे लागू पडेल.

आधी एक सवय लावून घ्या. बसल्या बसल्या अर्धा मिनिट रेकॉर्ड करायचं, त्यातले पहिले दहा सेकंद कोणी काहीच बोलायचं नाही, आणि मग ते हेडफोन लावून ऐकायचं. लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकू नका, खालच्या पट्टीतली घरघर त्यावर कळतच नाही. ते दहा सेकंद पुढे नॉइज काढतानाही कामाला येतात, त्यामुळे डिलीट करू नका.

आवाज फाटतोय

वेव्हफॉर्म, म्हणजे स्क्रीनवर दिसणारी आवाजाची नागमोडी रेघ, झूम करून बघा. शेंडे कात्रीने कापल्यासारखे सपाट दिसले तर ते क्लिपिंग. साधं बोलताना सगळ्यात मोठा आवाज -१२ डीबीच्या (डेसिबल, आवाजाचं माप; मीटरवर ० म्हणजे कमाल) आसपास राहिला पाहिजे आणि -६ च्या वर जायला नको. टेस्ट घेताना हळू "हॅलो हॅलो" करून उपयोग नाही, सगळ्यात जोरात जे येणार आहे तेच म्हणून बघा. आजी ओवीच्या शेवटच्या ओळीला आवाज चढवायची आणि नेमकं तिथेच फाटायचं, तबल्यात डग्ग्याचं असंच होतं.

आता एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. कधी कधी लेव्हल कमी दिसते, लाल काहीच होत नाही, तरी शेंडे सपाट. म्हणजे आवाज कॉम्प्युटरमध्ये यायच्या आधीच, माइकमध्ये किंवा इंटरफेसमध्ये (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) फाटलाय, आणि सॉफ्टवेअरचा स्लायडर कितीही खाली ओढला तरी फाटलेलाच आवाज बारीक होऊन येणार. तिथे माइकचं किंवा इंटरफेसचं गेनचं (आवाज किती वाढवून घ्यायचा त्याचं) बटण कमी करायचं नाहीतर माइक लांब घ्यायचा. क्लिप फिक्स नावाचा इफेक्ट आहे, पण एकदोन ठिकाणीच फाटलं असेल तर, पूर्ण टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) वाचवायला नाही.

मागे घुंsss असा आवाज येतोय

एकसारखा, खोल घुमणारा असेल तर तो विजेचा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून हा आवाज ५० वर आणि त्याच्या पटीत १००, १५० वर बसतो. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवून बघा, बरेचदा तिथेच प्रश्न मिटतो. नाही मिटला तर सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा, आणि घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. घुमणं जातं म्हणून प्लगची तिसरी पिन काढायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका, शॉक बसू शकतो. आधीच रेकॉर्ड झालं असेल तर नॉच फिल्टर (ठरावीक हर्ट्झचाच आवाज कापणारा इफेक्ट) लावून ५०, १००, १५० कापायचं. अमेरिकेत राहणाऱ्यांनी हेच ६०, १२०, १८० ला करा, तिकडची वीज वेगळी.

डिग-डिग-डिग असं काही आलं तर तो जवळ ठेवलेला मोबाइल, एअरप्लेन मोडवर टाका. फॅन बंद करावाच लागतो, उन्हाळ्यात दहा-दहा मिनिटांचे तुकडे घ्या आणि मध्ये फॅन लावा. फ्रिज बंद करताना घराच्या किल्ल्या त्याच्यातच ठेवा म्हणजे परत चालू करायचं विसरणार नाही.

आता नॉइज रिडक्शन. ते दहा शांत सेकंद सिलेक्ट करून नॉइज प्रोफाइल (नको असलेल्या आवाजाचा नमुना) घ्यायचं, मग पूर्ण ट्रॅक सिलेक्ट करून इफेक्ट लावायचा. इथेच सगळे जण हावरटपणा करतात, मीही केला, २४ डीबीवर टाकलं आणि आजी पाण्याखालून बोलतेय असं झालं, शब्दांच्या शेपट्या गेल्या. ६ ते ८ डीबी पुरे. थोडी खरखर राहिली तरी माणसाचा आवाज माणसाचा वाटतो, आणि ऐकणारा दोन मिनिटांत ती खरखर विसरतो. शिवाय हे फक्त एकसारख्या आवाजावर चालतं, कुकरची शिट्टी, कबुतरं, रिक्षाचा हॉर्न याने जात नाही, ती ओळ परत घ्या.

घुमतंय, बाथरूममध्ये बोलल्यासारखं वाटतंय

सगळ्यात जास्त त्रास याचा, कारण रेकॉर्डमध्ये मुरलेला घुमारा नंतर नीट निघतच नाही. आपल्या घरांमध्ये फरशी, उघड्या भिंती, काचेच्या खिडक्या, सगळं आवाज परत फेकणारं. खोलीत उभं राहून टाळी वाजवा, मागे टण्ण असं शेपूट आलं तर ती खोली नको. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून बसा, म्हणजे माइक समोरून जे ऐकतो ते तुम्ही आणि तुमच्या मागचे कपडे. खाली सतरंजी, समोरच्या भिंतीला गादी उभी करून टेकवा, बाजूला दोरीवर गोधडी टाका. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका, इतका पातळ पुठ्ठा काही शोषत नाही.

आणि माइक जवळ घ्या! तोंडापासून एक वीत. अंतर अर्ध्यावर आणलं की तुमचा आवाज साधारण ६ डीबीने वाढतो आणि खोलीचा घुमारा आहे तेवढाच राहतो. महागड्या माइकपेक्षा या एका वितेने जास्त फरक पडतो, हे मी खात्रीने सांगते.

जवळ गेलं की मात्र हवेचे फटके बसतात. तोंडासमोर तळहात धरून "फणस, भाकरी" म्हणा, हवा लागेल. आपल्या भाषेत फ, भ भरपूर, त्यामुळे माइक नाकासमोर सरळ न धरता तोंडाच्या कोपऱ्याकडे थोडा तिरका धरा. उरलंसुरलं ८० हर्ट्झच्या हाय-पास फिल्टरने (त्याच्या खालचा आवाज कापणाऱ्या इफेक्टने) जातं. स, श टोचत असतील तरी हाच तिरकेपणा कामाला येतो.

बाकीच्या किरकोळ भानगडी

एकाच कानात ऐकू येतंय: एक माइक स्टीरिओ (डाव्या-उजव्या कानाच्या दोन वाटांच्या) ट्रॅकवर गेलाय. स्प्लिट स्टीरिओ टू मोनो करा, रिकामा ट्रॅक उडवा.

आवाज जड, संथ, भलत्याच माणसाचा वाटतोय: सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मापं घेतली तो आकडा, चुकलाय. ४८००० चं रेकॉर्डिंग ४४१०० समजून वाजवलं की एका मिनिटाचं ६५ सेकंद होतं आणि सूर पेटीवर मोजला तर जवळजवळ दीड पट्टी उतरतो. ट्रॅकच्या मेनूत रेट बदला. आणि पुढच्या वेळी विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आणि ऑडॅसिटीत एकच आकडा ठेवा.

स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतोय: सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग (रेकॉर्ड करतानाच स्वतःचा आवाज ऐकवणं) बंद करा, हेडफोन थेट माइकला किंवा इंटरफेसला लावा, बहुतेकांना तशी जागा असते.

मोबाइलचा कॉलर माइक लॅपटॉपला लावला आणि काहीच येत नाही: पिनवरच्या काळ्या रेघा मोजा. तीन रेघांची पिन मोबाइलसाठी असते, दोन रेघांच्या माइकसाठी केलेल्या सॉकेटला ती चालत नाही. कनव्हर्टर मिळतो, तो घ्या.

सेव्ह करतानाचं नीट वाचा. ऑडॅसिटीत प्रोजेक्ट सेव्ह करणं आणि एक्स्पोर्ट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, प्रोजेक्टची फाइल दुसऱ्या कोणाच्या प्लेअरवर वाजत नाही. २०२१ मध्ये ३.० व्हर्जन आलं तेव्हापासून सगळं एका फाइलमध्ये असतं, त्याआधीच्या प्रोजेक्टला वेगळं डेटा फोल्डर असायचं, जुनं काही असेल तर फोल्डरसकट कॉपी करा. मूळ टेक वेव्ह (WAV) फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून बाजूला ठेवा, मोनोला मिनिटाला साधारण ५ एमबी लागतात, आणि एडिट कायम कॉपीवर करा. एमपी३ अगदी शेवटी. व्हॉट्सअ‍ॅपवर भावंडांना पाठवताना फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे आहे तशीच पोचते.