राजदूत ३५० : डाव्या सिलिंडरची हवागळती आणि एका सीलचा शोध

१९८० च्या दशकात भारतात विकल्या गेलेल्या राजदूत ३५० चे, म्हणजेच यामाहा आरडी ३५० चे, ३४७ सीसी टू-स्ट्रोक इंजिन यामाहाच्या रेसिंगच्या टीझेड ३५० या गाडीच्याच घराण्यातले आहे. ६४ मिमी बोर (सिलिंडरचा व्यास) आणि ५४ मिमी स्ट्रोक (पिस्टनच्या धावेची लांबी) हे माप दोन्हींत सारखेच. माझ्या गाडीत थ्रॉटल सोडल्यावरही इंजिनाचा वेग बराच वेळ खाली येत नसे आणि डाव्या सिलिंडरचा स्पार्क प्लग खडूसारखा पांढरा पडत असे, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जात होती. कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोलचे प्रमाण ठरवणारी बारीक छिद्रे) बदलण्यात मी दोन महिने वाया घालवले, हे कबूल केले पाहिजे.

अखेर हवा कुठून गळते ते पाहण्यासाठी इनटेक व एक्झॉस्टची तोंडे रबरी बुचांनी बंद करून, प्लगच्या छिद्रातून ६ पीएसआय दाबाची हवा भरली. दाबमापकाचा काटा मिनिटभरातच निम्म्यावर आला. अल्टरनेटरचा (वीज तयार करणाऱ्या भागाचा) रोटर काढून क्रँकच्या सीलवर, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती हवा अडवणाऱ्या रबरी कड्यावर, साबणाचे पाणी लावताच बारीक बुडबुडे फुटू लागले, आणि दोष सापडला.

खरी परीक्षा सील मिळवण्याची होती. जुन्या बाजारातून ‘ओरिजिनल’ म्हणून आणलेल्या सीलचे रबर वर्षानुवर्षे पडून इतके कडक झाले होते की नखाने दाबले तरी त्याची कड लवत नव्हती. मग शाफ्ट आणि सीलची बैठक व्हर्नियरने मोजून त्याच मापाचे व्हायटॉनचे (उष्णता आणि तेल सोसणाऱ्या रबराचे) सील घेतले, कडेला टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) ऑइल लावून ते सरळ बसवले. पुन्हा केलेल्या चाचणीत काटा सहा मिनिटे जवळपास हलला नाही, आणि प्लग आता बिस्किटी रंगाचा, म्हणजे हवा-पेट्रोलचे मिश्रण बरोबर असल्याच्या खुणेचा, निघतो.