मामा तलावावर कामाला यायचंय? मासे सोडायला मिळणार नाहीत, आधीच सांगते

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की कोणाचा ना कोणाचा मेसेज येतोच, ताई आम्हाला पण तलावाच्या कामाला यायचंय, मासे सोडायला मिळतील ना? तर एकदाच सगळ्यांसाठी लिहून टाकते. मासे सोडायला मिळणार नाहीत. बेशरम नावाचं झुडूप उपटायला मिळेल, गुडघाभर चिखलात उभं राहून पाणवनस्पती लावायला मिळतील आणि संध्याकाळी ढीवर म्हणजे मासेमारांच्या मोहल्ल्यात बसून कोणता मासा कुठल्या गवतात अंडी घालतो ते ऐकायला मिळेल. एवढ्यावर समाधान असेल तर पुढे वाचा.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून असे सहा हजारांच्या वर आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी धानाच्या पाण्यासाठी बांधलेले, बरेचसे दोन-अडीचशे वर्षं जुने. 1950-51 च्या सुमारास मालगुजारी म्हणजे इथली जमीनदारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि मग पाळ (तलावाचा बांध) कोणी बघायची, गाळ कोणी काढायचा हे कोणाचंच काम राहिलं नाही. मासेमारी ढीवरांच्या सहकारी संस्थांकडे लीजवर आली आणि त्यासोबत रोहू, कतला, मृगळचं बीज (बारीक पिल्लं) विकत आणून सोडायची पद्धतही आली.

आता इथली मेख समजून घ्या, कारण निम्मे नवीन लोक इथेच गडबडतात. रोहू-कतला हे मुळात नदीतले मासे, त्यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं, तलावाच्या थांबलेल्या पाण्यात ते वाढतात खरे पण त्यांची पुढची पिढी काही तिथे तयार होत नाही. म्हणजे दरवर्षी बीज विकत घ्या, सोडा, पकडा, विका, परत घ्या. त्यात चूक काही नाही, संस्थेचं पोट त्यावर चालतं, पण तो धंदा झाला, तलाव सुधारणं नाही झालं. याउलट मरळ, मागूर, बोटरी, वाम असे गावठी मासे तलाव आणि आजूबाजूच्या बांध्यांमध्ये म्हणजे धानाच्या शेतांमध्येच जन्मतात आणि तिथेच मोठे होतात, त्यांना बीजाचा खर्च नाही, फक्त गवत पाहिजे. आणि तेच गेलेलं असतं. कुठे बेशरमने काठ खाल्ला, कुठे गवत्या मासा म्हणजे ग्रासकार्प सोडला त्याने पाण्यातलं सगळं चरून टाकलं, कुठे जेसीबीने गाळ काढताना तळ असा सपाट खरवडला की कंद, मुळं, बिया सगळं गाळासोबत ट्रॉलीत गेलं.

मरळचं उदाहरण देते म्हणजे कळेल. पावसाळ्यात मरळची जोडी उथळ पाण्यात गवताच्या मधोमध ताटलीएवढी जागा मोकळी करते, तिथे पिवळसर अंडी वर तरंगत राहतात आणि खाली आईबाप पहारा देतात. पिल्लं निघाली की लालसर-नारिंगी रंगाचा घोळका होतो, तो मिनिटामिनिटाला श्वास घ्यायला वर येतो तेव्हा पाणी तिथे उकळल्यासारखं दिसतं. लोक नेमका तो घोळका बघून त्यातच गळ टाकतात कारण पिल्लांपाशी काही आलं की मरळ तुटून पडते आणि झटक्यात सापडते. एक मोठी मरळ घरी आली, पण मागची शेकडो पिल्लं उघडी पडली. हे मला पुस्तकात नाही, पाळीवर बसलेल्या एका ढीवर आजोबांनी दाखवलं, आणि नंतर पुस्तकात शोधलं तर तेच लिहिलेलं.

हे सगळं काम आम्ही काही नव्याने शोधलेलं नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ, त्याचे मनीष राजनकर आणि गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावकडच्या ढीवर मंडळींनी हा रस्ता आधी पाडून ठेवलाय, म्हणजे लोकांचं ज्ञान आधी लिहून काढायचं, मग वनस्पती परत आणायच्या, मासे आपोआप येतात.

प्रत्यक्ष काम उन्हाळ्यात सुरू होतं. मे महिन्यात पाणी खाली गेलं की बेशरम काढायची. वरवर कापायची नाही, कुदळीने मुळासकट खणायची, आणि काढलेली काडी ओल्या जागेत अजिबात टाकायची नाही, तुकडा पडला तरी तिथून परत फुटतो, नाव उगीच नाही पडलं. चीक अंगाला लागला की खाज सुटते म्हणून फुल बाह्यांचे कपडे आणि हातमोजे. जनावरांना पण विषारी आहे ती. जागा साफ झाली की कोरड्या तळाची ट्रॅक्टरने नांगरटी करतात म्हणजे माती मोकळी होऊन रोपं धरतात.

मग पाऊस पडून थोडं पाणी भरलं की लागवड. आजूबाजूच्या ज्या तलावात अजून वनस्पती शिल्लक आहेत तिथूनच टोपल्यांनी आणायच्या, तोही तलाव ओरबाडायचा नाही. पाण्याखाली राहणाऱ्या हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सिरॅटोफायलम, पानं वर तरंगणाऱ्या कुमुदिनीच्या जातीच्या, आणि काठच्या चिखलात उभ्या राहणाऱ्या लव्हाळ्यासारख्या, असे तिन्ही थर लागतात. लावणं अगदी धानाच्या रोवणीसारखं, वाकून, अंगठ्याने मूळ दाबत. बायकांचा हात यात इतका बसलेला असतो की आपण एक ओळ करेपर्यंत त्या पलीकडच्या टोकाला पोचून आपल्याला हसत असतात. वनस्पतींची नावं पण त्यांचीच शिका, गावागणिक बदलतात, लॅटिन नाव नंतर वहीत जोडता येतं. आणि कृपा करून जलपर्णी "सुंदर फूल आहे" म्हणून कोणी आणू नका बाप्पा. घरच्या काचेच्या टाकीतला सकर मासा, तिलापिया, डासांसाठी म्हणून गप्पी, यातलं काहीच तलावात सोडायचं नाही.

परवानगीचं बघा, त्याशिवाय एक काडी हलवू नका. 100 हेक्टरपर्यंत सिंचन असलेले तलाव साधारण जिल्हा परिषदेकडे, त्याच्या वरचे राज्याच्या खात्याकडे, मासेमारीचा हक्क संस्थेकडे, आणि ग्रामपंचायतीत 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली समिती असते (कागदावर तरी असते). जंगलाला लागून तलाव असेल तर 2006 च्या वनहक्क कायद्यात मासे आणि पाण्यातल्या इतर उपजावर सामूहिक हक्क मागता येतो. सगळ्यात आधी संस्थेच्या मीटिंगमध्ये जाऊन बसा. पावसाळ्यात अंड्यावरचा मासा धरायचा नाही, बारीक जाळं लावायचं नाही, हे नियम संस्थेने ठरवले तरच टिकतात, तुम्ही बोर्ड लावून टिकत नाहीत.

नोंदी कशा ठेवायच्या ते पोरं फार विचारतात. पीएच किट, पाण्याचा गढूळपणा बघायची काळी-पांढरी तबकडी हे सगळं ठीक आहे, वापरा, पण खरी नोंद सकाळी जाळं काठावर आलं की होते. कोणता मासा, गावात काय म्हणतात, अंदाजे वजन, अंडी आहेत का, एवढंच लिहा. मासे विकणाऱ्या बाईच्या पाटीत कोणकोणत्या जाती आहेत हे आठवड्याला एकदा बघितलं तरी वर्षभरात चित्र दिसायला लागतं.

ज्यांना यातच करिअर करायचंय त्यांच्यासाठी: बारावी सायन्सनंतर चार वर्षांची मत्स्यविज्ञानाची पदवी आहे, माफसूचं म्हणजे नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं कॉलेज नागपूरला आणि उदगीरला, कोकणात रत्नागिरीला दापोली कृषी विद्यापीठाचं, आणि पुढे एमएफएससी-पीएचडीला मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. झूऑलॉजी-बॉटनीवाले पण येऊ शकतात, उलट बॉटनीवाल्यांची इथे जास्त गरज आहे असं माझं मत. पदवीत बराच भर मत्स्यशेतीवर असतो, म्हणजे उत्पादन कसं वाढवायचं, त्यामुळे गावठी माशांचं शिकायचं तर गावात जाण्याशिवाय पर्याय नाही. पगाराबद्दल खोटं नाही सांगत, स्वयंसेवी संस्थांच्या प्रकल्पावर काम असतं, प्रकल्प संपला की पुढचा शोधायचा.

येताना जुनी चप्पल नको, चिखलात अडकते, प्लास्टिकचे बूट चालतील. पोहता येत नसेल तर तसं सांगून टाका, खोल भागात कोणी पाठवत नाही. जळवा नसतातच असं नाही. आणि एक महत्त्वाचं, लागवडीच्या तारखा आपल्या सुट्टीवर ठरत नाहीत. धानाची रोवणी जोरात असते तेव्हा बायकांना शेतात मजुरी मिळत असते, त्या दिवसांत तलावावर कोणी येणार नाही, म्हणून एकतर रोवणीच्या आधी नाहीतर नंतर या, आणि ज्या बायका दिवस मोडून तलावावर येतात त्यांना शेतातल्या मजुरीएवढे पैसे द्यायचे हे बजेटमध्ये पहिल्या ओळीत धरा. फुकट काम करायची हौस आपली आहे, त्यांची नाही.