सफाईच्या नावाखाली डिपॉझिट कापलं तर: इंग्लंडमध्ये नव्याने भाड्याने राहणाऱ्यांसाठी

इंग्लंडमध्ये भाड्याचं घर सोडताना डिपॉझिटवरून जे वाद होतात, त्यांत वर्षानुवर्षं पहिला नंबर सफाईचा लागतो. भाडं थकलं, खिडकी फुटली, ही कारणं त्याच्या मागे. घर सोडून आठवडा होतो न होतो तोच एजंटचा ईमेल येतो: प्रोफेशनल क्लीनिंग 250 पौंड, ओव्हन 60 पौंड, उरलेली रक्कम परत पाठवत आहोत, कृपया संमती कळवा. आपली माणसं बहुतेक वेळा संमती कळवून मोकळी होतात. पुण्यात किंवा बंगळुरूत घर सोडताना रंगकामाचे म्हणून मालकाने कापले तेवढे मुकाट्याने दिलेले असतात, तीच सवय इथे येते. नव्या देशात कटकट नको, व्हिसावर परिणाम होईल, पुढचं घर मिळायला त्रास होईल, अशा भीतीही असतात. व्हिसाचा आणि या वादाचा काडीचाही संबंध नाही. आणि इथली व्यवस्था आपल्याकडच्यापेक्षा मुळातच वेगळी आहे, ती आधी समजून घ्या.

इथे डिपॉझिट मालकाच्या मर्जीवर राहत नाही, निदान कायद्याने राहू नये. 2004 च्या हाउसिंग अ‍ॅक्टनुसार एप्रिल 2007 पासून नेहमीच्या भाडेकरारातलं प्रत्येक डिपॉझिट सरकारमान्य योजनेत नोंदवावं लागतं. अशा तीन योजना आहेत: डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम. पैसे मिळाल्यापासून 30 दिवसांत नोंदणी करून त्याची ठरावीक माहिती तुम्हाला लेखी द्यायची असते. ती दिली नाही, तर कोर्ट मालकाला डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम तुम्हाला द्यायला लावू शकतं. घरात शिरल्यावर महिनाभराने तिन्ही योजनांच्या वेबसाइटवर आपलं नाव आहे का, ते एकदा तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

डिपॉझिट किती घ्यायचं यालाही मर्यादा आहे. वार्षिक भाडं 50,000 पौंडांच्या आत असेल, तर जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं भाडं. महिना 1,500 पौंड भाडं असेल, तर साधारण 1,730 पौंड. सहा आठवड्यांचं मागत असतील, तर तिथेच थांबवा. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंडमध्ये योजना वेगळ्या आणि डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंत चालतं.

एक मोठा अपवाद मात्र आपल्या लोकांना हमखास लागू होतो. हॅरो, हाउन्स्लो, स्लाउ या भागांत नवीन आलेली मुलं एखाद्या कुटुंबाच्या घरात खोली घेऊन राहतात. मालक स्वतः त्याच घरात राहत असेल, तर तुम्ही लॉजर ठरता आणि डिपॉझिट योजनेत नोंदवण्याची सक्ती तिथे लागू होत नाही. तिथे डिपॉझिट कमीत कमी ठेवा, बँकेतूनच द्या आणि कशासाठी दिलं ते मेसेजवर का होईना, लिहून घ्या.

आता मुख्य मुद्दा. योजनेत नोंदवलेले पैसे तुमचे असतात. ते कापायचे असतील तर का कापायचे, हे मालकाने सिद्ध करायचं असतं. तुम्ही घर स्वच्छ ठेवलं होतं हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर नाही. एजंटच्या ईमेलची भाषा याच्या नेमकी उलटी असते, आणि माणूस तिथेच खचतो.

दुसरं, करारात ‘घर सोडताना प्रोफेशनल क्लीनिंग करून त्याची पावती द्यावी’ असं कलम आजही सर्रास दिसतं. टेनंट फीज अ‍ॅक्ट 2019 मुळे 1 जून 2019 पासून नव्या करारांत आणि वर्षभराने जुन्या करारांतही अशी सक्ती करता येत नाही. मालक एवढंच म्हणू शकतो की घर दिलं तेव्हा जेवढं स्वच्छ होतं, तेवढंच स्वच्छ परत द्या. ते तुम्ही स्वतः घासून केलंत, मित्रांना बोलावून केलंत की माणूस लावून केलंत, हा तुमचा प्रश्न.

‘तेवढंच’ म्हणजे किती, हे ठरतं चेक-इन रिपोर्टवरून. म्हणून डिपॉझिट परत मिळवण्याचं निम्मं काम घरात शिरतानाच होतं. किल्ल्या मिळाल्या की एजंट तीस-चाळीस पानांचा रिपोर्ट पाठवतो आणि सात दिवसांत काही चुकलं असेल तर कळवा म्हणतो. त्या आठवड्यात ऑफिस नवीन, मुलांची शाळा नवीन, बँकेचं खातं उघडायचं राहिलेलं. रिपोर्ट न वाचता सही होते. कृपा करून तो वाचा. त्यात प्रत्येक खोलीपुढे शेरा असतो. ‘प्रोफेशनली क्लीन्ड’ लिहिलं असेल आणि घर प्रत्यक्षात तसं नसेल, तर फोटो काढून उत्तर पाठवा. ‘डोमेस्टिक स्टँडर्ड’ म्हणजे घरगुती स्वच्छता असा शेरा असेल, तर तो तुमच्या फायद्याचा आहे, जपून ठेवा.

फोटो काढताना खोलीचा एक सुंदर फोटो उपयोगाचा नाही. ओव्हनचं दार उघडून आतली काच, तळ आणि जाळ्या. हॉबच्या, म्हणजे शेगडीच्या, बटणांखालची जागा. वरच्या चिमणीची जाळी, काढून, उलटी करून. शॉवरच्या काचेचा खालचा काठ, नळाचं बूड, फ्रिजच्या दाराच्या रबराची घडी, वॉशिंग मशीनचा साबणाचा कप्पा, खिडकीच्या चौकटीचे कोपरे. चेक-आउटला येणारा माणूस नेमका इथेच बघतो. घर सोडताना याच जागांचे, शक्यतो त्याच कोनातून फोटो पुन्हा काढा.

आपल्या स्वयंपाकाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. रोज फोडणी होते, त्यामुळे तेलाचा चिकट थर हॉबवर दिसतो त्यापेक्षा जास्त चिमणीच्या जाळीत आणि वरच्या कपाटांच्या माथ्यावर बसतो. कपाटाच्या माथ्यावर बोट फिरवून पाहा, लगेच कळेल. जाळी गरम पाण्यात भांड्यांचा साबण आणि वॉशिंग सोडा टाकून तासभर बुडवून ठेवली की बहुतेक तेल सुटतं. हे दर महिन्याला केलं, तर शेवटच्या दिवशी खरवडत बसावं लागत नाही. हळदीचा डाग पांढऱ्या ओट्यावर पडला की लगेच पुसा. राहिलाच तर उन्हाने फिकट होतो, पण इथल्या उन्हाच्या भरवशावर राहू नका. ओव्हन आपण कढया ठेवायला वापरतो, तरी चेक-आउटच्या यादीत तो सगळ्यात वर असतो, कारण कढयांचं तेल तळाला लागलेलं असतं. लंडन आणि आग्नेय इंग्लंडमधलं पाणी जड आहे. शॉवरच्या काचेवर आणि नळांवर पांढरे क्षार साचतात. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवलं की ते निघतात.

हिवाळ्यात कपडे घरात वाळवल्याने खिडकीभोवती काळी बुरशी येते. खोली बंद ठेवण्याच्या सवयीमुळे आलेली बुरशी तुमच्या नावावर जाते, भिंतीतल्या ओलीमुळे आलेली मालकाच्या. म्हणून पहिला काळा ठिपका दिसताच एजंटला लेखी कळवा. वर्षभर गप्प राहून शेवटी ‘ओल आधीपासून होती’ म्हटलं, तर ते कुणाला पटवणं अवघड जातं.

आणि ‘करीचा वास’. केंटमधल्या एका मोठ्या घरमालकाने आपल्या एजंटांना भारतीय आणि पाकिस्तानी लोकांना घरं देऊ नका, वास राहतो, असं कळवलं होतं. समानता आयोगाने त्याला कोर्टात खेचलं आणि नोव्हेंबर 2017 मध्ये मेडस्टनच्या कोर्टाने ते धोरण बेकायदा ठरवून त्यावर मनाई हुकूम दिला. त्यामुळे पैसे कापण्याच्या यादीत नुसता ‘वास’ लिहून आला, तर खजील होऊ नका. कुठल्या खोलीत, कुणी नोंदवला, रिपोर्टच्या कुठल्या पानावर, असं सरळ विचारा.

तर कापाकापीचा ईमेल आला. फोनवर बोलू नका, सगळं लेखी ठेवा. रागही लिहून पाठवू नका. पहिल्या उत्तरात तीन गोष्टी मागा: चेक-आउट रिपोर्ट, प्रत्येक रकमेचा वेगळा हिशेब आणि बिल किंवा कोटेशन. मग चेक-इन आणि चेक-आउट रिपोर्ट शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवा. ओव्हन खरंच तेलकट राहिला असेल, तर तेवढं मान्य करा आणि रास्त रक्कम स्वतः सुचवा. बाकीच्या ओळींना कारण देऊन नकार द्या. ज्यावर वाद नाही, ती रक्कम लगेच परत मागा. सगळा निकाल लागेपर्यंत ती अडकवून ठेवायचं कारण नाही. परत किती द्यायचं यावर एकमत झालं, की 10 दिवसांत पैसे मिळायला हवेत.

रेडिंगमधल्या एका मराठी जोडप्याचं प्रकरण मी जवळून पाहिलं. एजंटने ‘संपूर्ण घराची सफाई’ या एकाच ओळीखाली 280 पौंड लावले होते. चेक-इन रिपोर्टमध्ये मात्र ओव्हनपुढे ‘तळाला तेलाचे डाग’ आणि शॉवरपुढे ‘काचेवर क्षार’ असे शेरे आधीपासूनच होते. यांनी घर सोडण्याच्या सकाळचे फोटो जोडले. चिमणीची जाळी तेवढी खरोखर राहून गेली होती, ती त्यांनी मान्य केली. एजंट ऐकेना, तेव्हा प्रकरण योजनेकडे गेलं आणि योजनेने दिलेल्या निवाड्यात फक्त जाळी आणि हॉबच्या सफाईचे 35 पौंड कापले गेले. घर ताब्यात येताना जसं नव्हतं तसं करून घेण्याचा खर्च भाडेकरूवर टाकता येत नाही, हेच कारण निवाड्यात दिलं होतं.

एजंटने ऐकलं नाही, तर घर सोडल्यापासून तीन महिन्यांच्या आत योजनेकडे वाद नोंदवा. निवाडा मोफत असतो. दोन्ही बाजूंची संमती लागते. मालक तयार नसेल, तर छोट्या दाव्यांच्या कोर्टाचा रस्ता उरतो, तिथे फी पडते. निवाडा करणारा घर बघायला येत नाही, तुम्हाला बोलावत नाही. तो कागद वाचतो. दोन्ही बाजूंचे पुरावे आल्यावर साधारण 28 दिवसांत निकाल येतो आणि त्यावर अपील नसतं, म्हणून पुरावे पहिल्याच खेपेला पूर्ण पाठवा. पन्नास फोटो एका गठ्ठ्यात टाकू नका. प्रत्येक फोटोला ‘ओव्हन, घर सोडताना’ असं नाव आणि तारीख द्या, आणि चेक-इन रिपोर्टच्या कुठल्या पानाशी तो ताडून पाहायचा तेही लिहा. हीटर सहा महिने बंद होता, ही तक्रार कितीही खरी असली तरी इथे घालू नका. इथे फक्त कापलेल्या रकमेचा विचार होतो.

सफाई आणि झीज यांतला फरकही लक्षात ठेवा. दाराजवळचा गालिचा चालून चालून दबला, भिंतीचा रंग फिका पडला, ही झीज आहे आणि ती मालकाने सोसायची. गालिच्यावर चहा सांडला तर डाग काढण्याचा खर्च तुमचा. पण आठ वर्षं जुन्या गालिच्यासाठी नव्याची पूर्ण किंमत मागता येत नाही, वय धरूनच हिशेब होतो.

चार-पाच जण मिळून घर घेतलं असेल, तर योजनेत एकाचं नाव मुख्य भाडेकरू म्हणून असतं आणि सगळे ईमेल त्यालाच जातात. तो प्रोजेक्ट संपून पुण्याला परतणार असेल, तर त्याच्याकडून योजनेचा खातेक्रमांक आणि पासवर्ड आधीच घ्या. करारावर कंपनीचा ईमेल देऊ नका, नोकरी बदलली की तो बंद होतो. आणि कायमचे भारतात परतत असाल, तर डिपॉझिटचा शेवटचा पैसा जमा होईपर्यंत इथलं बँक खातं बंद करू नका.