दिवाळीची खरेदी पेठेतल्या दुकानात करताय? मग या चुका टाळा

2020 च्या दिवाळीत दुकानासमोर चुन्याची वर्तुळं होती आणि एका वेळी पाचापेक्षा जास्त गिऱ्हाइकं नकोत असा नियम होता. नियम गेला, पण तुळशीबागेतलं दुकान तेवढंच राहिलं. समोर फळी, मागे खोकी, मध्ये मालक आणि हाताखाली एक मुलगा. त्यात वसुबारसेपासून निम्मं पुणे घुसू बघतं आणि मग "छोट्या दुकानात कुणी विचारतच नाही" म्हणत मॉलकडे वळतं. विचारतात हो. आपली यायची वेळ आणि मागायची पद्धत चुकलेली असते.

बोनस झाला की पहिल्याच रविवारी संध्याकाळी निघणं

यासारखी महागात पडणारी चूक दुसरी नाही. रविवारी सात वाजता लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानात गादीवर बसायलाच जागा नसते. विक्रेता हाताशी असलेल्या चार साड्या टाकतो, मागून कुणाचं तरी कोपर बरगडीत बसतं, आणि आपण "चला, हीच द्या" म्हणून मोकळे होतो. त्याच दुकानात मंगळवारी-बुधवारी सकाळी अकराला जा. "बसा ताई, बजेट सांगा," इथपासून सुरुवात होते आणि वरच्या कप्प्यातला मालही खाली येतो.

पैठणी घ्यायची असेल तर ही सवड हवीच. पदर उलटा करून बघायला जागा लागते. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो. यंत्रमागाच्या साडीत मागे सुटे धागे लोंबत असतात, नाहीतर कापलेले दिसतात. यंत्रमागाची घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त हातमागाचे पैसे देऊन घेऊ नका. शुद्ध रेशमासाठी सिल्क मार्क आणि हातमागासाठी हँडलूम मार्कचं लेबल आहे का, हेही तेव्हाच विचारा.

दुपारही चांगली. एक ते चार दुकान बंद हा पुणेरी विनोद आता बराचसा विनोदच उरलाय, दिवाळीच्या दिवसांत बहुतेक दुकानं दुपारी सुरूच असतात.

साडी घेतली की काम संपलं असं समजणं

फॉल-पिको आणि ब्लाउज राहिलेत. बऱ्याच शिंप्यांकडे दसरा उलटला की "आता दिवाळीनंतर" हेच उत्तर मिळतं. अडकलातच तर एकाच शिंप्याच्या मागे लागण्यापेक्षा तयार ब्लाउज घ्या आणि त्याच्याकडून फक्त बाह्या-बगला मापात करून घ्या. एवढं काम तो सहसा नाकारत नाही.

आणि मॅचिंग सेंटरमध्ये मोबाइलवरचा फोटो दाखवू नका. कॅमेऱ्यात रामा रंग मोरपंखी होतो आणि डाळिंबी चक्क लाल. साडी पिशवीत घालून न्या, कापड दुकानाच्या पायरीवर, उजेडात धरून बघा. दुकानदार स्वतःच "बाहेर नेऊन बघा" म्हणतो.

चारचाकी थेट मंडईपर्यंत नेणं

नका नेऊ. 29 सप्टेंबर 2024 पासून भुयारी मेट्रो मंडईखालून जाते. स्टेशनातून वर आलं की तुळशीबाग चालत काही मिनिटांवर.

व्हॉट्सॅपवर अर्धवट यादी टाकणं

कोविडच्या काळात लागलेली ही सवय कोपऱ्यावरच्या वाण्याकडे टिकली, ते बरंच झालं. यादी पाठवायची, सामान बांधून तयार, उभं राहायला नको. पण "रवा 2 किलो, पोहे 1 किलो" एवढंच लिहिलं तर काका काय बांधणार? लाडवाला बारीक रवा लागतो. चिवडा पातळ पोह्यांचा की भाजक्या? डाळं चिवड्यासाठी वेगळं लिहिलंय का? भाजणी तयार हवी की धान्य घेऊन गिरणीत जाणार? मग पिशवी घरी उघडल्यावर कांदेपोह्यांचे जाड पोहे निघतात आणि ऐन गर्दीत परत दुकानात उभं राहावं लागतं. यादीत प्रत्येक जिनसेपुढे तो कशासाठी हवा ते लिहा. मुरलेला वाणी बाकीचं बरोबर ओळखतो. "अमुक नसेल तर फोन करा" ही ओळही टाका, म्हणजे परस्पर दुसऱ्याच कंपनीचं तूप येणार नाही.

फराळ घरगुती बायकांकडून किंवा बचत गटाकडून मागवणार असाल तर तीच गोष्ट. आठवड्यावर दिवाळी आली असताना "पाच किलो चकली होईल का?" असं विचारू नका. परदेशी मुलाबाळांना पाठवायचं असेल तर दसऱ्याच्या आसपास ऑर्डर द्या आणि कुरिअरसाठी खोक्यात काय वर, काय खाली, ते त्यांच्याशीच ठरवा. चकली तळाशी गेली की पोचतो तो चुरा.

दुकान बघायला, खरेदी फोनवर

चपलेच्या दुकानात सहा जोड काढायला लावायचे, माप पक्कं करायचं, आणि तिथल्याच स्टुलावर बसून मोबाइलवर तोच जोड मागवायचा. दुकानदाराला ते दिसतं, बरं का. भाव जास्त वाटला तर सरळ सांगा, "दादा, ऑनलाइन इतक्याला आहे." कधी तो जुळवून देतो, कधी हात जोडतो. पण विचारल्याशिवाय त्याला संधीच नाही. उलट पणत्या आणि किल्ल्यावरचे मावळे विकणाऱ्या मावशींशी दहा रुपयांसाठी पंधरा मिनिटं घासाघीस करण्यात मला तरी काही शहाणपण दिसत नाही.

"आपलाच माणूस" म्हणून बिल न घेणं

स्थानिक दुकानाला आधार द्यायचा म्हणजे कायदा घरी ठेवायचा असं नाही. "बिल नको असेल तर कमी करतो" हे ऐकलं की आधी हिशेब करा. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या कपड्यावर जीएसटी 5 टक्के आहे. करासह 1800 च्या कुर्त्यात कर होतो साधारण 86 रुपये. तेवढ्यासाठी बदलून घ्यायचा पुरावा गमवायचा?

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी दोष असलेल्या मालाला लागू होत नाही. बिलावर मुदत दिली नसेल, तर 30 दिवसांत सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. मात्र रंग आवडला नाही म्हणून बदलून मागणं हा हक्क नव्हे, ती दुकानदाराची मर्जी. ते घेतानाच विचारा आणि बिलावर लिहून घ्या. बदलायला जाल तेही भाऊबीज उलटल्यावर, सकाळी. तक्रार मिटलीच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.

सोनं घेणार असाल तर दागिन्यावरचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक, दुकानातच बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासा. सराफ समोर असतानाच.

यूपीआयचे पैसे कापले, पण दुकानातला स्पीकर बोलला नाही

गर्दीत नेटवर्क गडबडतं. लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. आधी अ‍ॅपच्या इतिहासात व्यवहार "यशस्वी" आहे की "प्रलंबित" ते बघा. यशस्वी असेल तर व्यवहार क्रमांक दुकानदाराला दाखवा. प्रलंबित असेल तर रोख द्या आणि स्क्रीनशॉट ठेवा. खात्यातून गेलेली आणि दुकानदाराला न पोचलेली रक्कम बँकेने पाच दिवसांत आपणहून परत करायची असते. त्याहून उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. तक्रार यूपीआय अ‍ॅपमधूनच त्या व्यवहारावर टाका. दुकानदाराशी भांडून ते पैसे परत येत नाहीत.