म्युझिक प्लेअरला साधा ब्लूटूथ हेडसेट जोडताना

हेडसेटचा निळा दिवा लुकलुकतोय, प्लेअरच्या पडद्यावर ‘कनेक्टेड’ दिसतंय, गाण्याचा काटाही पुढे सरकतोय. कानात मात्र शुकशुकाट. प्लेअरला साधा वायरलेस हेडसेट जोडणाऱ्यांची सर्वांत जास्त अडचण होते ती इथेच. अशा वेळी पुन्हा पुन्हा पेअरिंग, म्हणजे दोन उपकरणांची एकमेकांशी ओळख, करत बसण्यात काही अर्थ नसतो. ब्लूटूथमध्ये दोन उपकरणांची ओळख पटली म्हणून त्यांच्यात गाणी वाहू लागतात असं नाही. म्हणून बटणं दाबायच्या आधी हेडसेटला संगीत घेता येतं का आणि प्लेअरला ते पाठवता येतं का, एवढं बघून घ्यावं.

हेडसेटला संगीत कळतं का?

ब्लूटूथमध्ये प्रत्येक कामाचं वेगळं प्रोफाइल असतं. फोनवर बोलण्यासाठी एचएसपी आणि एचएफपी, स्टिरिओ संगीतासाठी ए२डीपी, आणि प्ले, पॉझ, पुढचं गाणं या बटणांसाठी एव्हीआरसीपी. म्युझिक प्लेअर गाणी पाठवतो ती ए२डीपीवरून. फक्त कॉल घेण्यासाठी बनवलेल्या एका कानाच्या जुन्या हेडसेटला पहिली दोनच प्रोफाइल येतात. त्यात संगीत घेण्याची सोयच नसते, आणि प्लेअरमध्ये कुठलंही सेटिंग बदलून ती येत नाही. काही फोनमध्ये ॲप टाकून गाणं कॉलच्या वाटेने पाठवता येतं, पण तिथे आवाज ८ किंवा फार तर १६ किलोहर्ट्झ सँपलिंगने जातो आणि गाणं टेलिफोनवरून ऐकल्यासारखं लागतं. साध्या प्लेअरवर तर तीही पळवाट नसते.

एक कान म्हणजे संगीत नाहीच, असा मात्र नियम नाही. नंतरच्या काळातल्या बऱ्याच एका कानाच्या हेडसेटमध्ये ए२डीपी असतं आणि ते डावा-उजवा आवाज एकत्र करून ऐकवतात. खात्री करायला खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ए२डीपी हा शब्द शोधा. खोकं केव्हाच फेकलं असेल, तर हेडसेट अँड्रॉइड फोनला जोडा आणि ब्लूटूथच्या यादीत त्याच्या नावाशेजारचं सेटिंगचं चिन्ह दाबा. तिथे ‘फोन कॉल’बरोबर ‘मीडिया ऑडिओ’ हा पर्यायही दिसला तर काम होईल; नुसते कॉल दिसले तर त्या हेडसेटचा नाद सोडा. ब्लूटूथच्या आवृत्तीच्या आकड्यावर भुलू नका. त्या आकड्यावरून प्रोफाइल कळत नाही.

आणखी एक फसगत: वायरलेस म्हणजे ब्लूटूथच असं नाही. संगणकासाठीच्या काही हेडसेटबरोबर बोटाच्या पेराएवढा यूएसबी डोंगल येतो आणि ते फक्त त्याच्याशीच बोलतात. तो डोंगल प्लेअरच्या चार्जिंगच्या भोकात कसाबसा बसवला तरी साधा प्लेअर त्याला ओळखत नाही.

प्लेअरमध्येच ब्लूटूथ असेल तर

मेनूत ब्लूटूथ आहे का ते आधी बघा, नावावर जाऊ नका. एकाच नावाच्या मालिकेत काही मॉडेलना ते असतं, काहींना नसतं. आयपॉड क्लासिक आणि शफल यांना ते कधीच नव्हतं. नॅनोला ते २०१२ च्या सातव्या पिढीत मिळालं.

१. दोन्ही उपकरणं चार्ज करून वायरीवरून काढा. चार्जिंगला लावलेले बरेच हेडसेट ब्लूटूथ बंद ठेवतात.

२. हेडसेट आधी ज्या फोनला किंवा लॅपटॉपला जोडलेला होता, त्याचं ब्लूटूथ बंद करा. हेडसेट सुरू झाला की आधी जुन्या ओळखीच्या उपकरणाला शोधतो. खिशातल्या फोनने त्याला पकडलं की प्लेअरला तो सापडतच नाही.

३. हेडसेट पूर्ण बंद करा. मग चालू-बंदचं बटण दाबून धरा. दिवा पहिल्यांदा चमकतो तेव्हा बोट उचलायचं नाही. तो फक्त चालू झाला एवढाच त्याचा अर्थ. लाल आणि निळा आळीपाळीने लुकलुकू लागेपर्यंत, साधारण ५ ते ७ सेकंद, बटण तसंच दाबून ठेवा. दर काही सेकंदांनी एकदाच निळा चमकत असेल तर हेडसेट चालू आहे, पण पेअरिंगमध्ये नाही. पेअरिंगसाठी वेगळं बटण असलेल्या हेडसेटवर हेच त्या बटणाने करायचं.

४. प्लेअरचं ब्लूटूथ सुरू करून शोध लावा. यादीत आधी आकडे-अक्षरांची लांबलचक माळ दिसली तर घाबरू नका, तो उपकरणाचा पत्ता आहे. नाव मागाहून येतं, थोडं थांबा.

५. पिन मागितला तर आधी ०००० आणि नाही चालला तर १२३४ द्या. २००७ च्या ब्लूटूथ २.१ पासून पेअरिंगची पद्धत बदलली, त्यामुळे त्यानंतरच्या जोड्या सहसा पिन विचारत नाहीत.

६. साधी एमपी३ फाइल लावून बघा. काही प्लेअर भारी रिझोल्यूशनच्या फाइल ब्लूटूथवरून पाठवत नाहीत, आणि मग दोष हेडसेटवर येतो.

कोडेकची, म्हणजे आवाज आक्रसून पाठवण्याच्या पद्धतीची, चिंता करू नका. ए२डीपी असलेल्या प्रत्येक उपकरणात एसबीसी हा कोडेक असावाच लागतो, त्यामुळे बाकी काही जुळलं नाही तरी आवाज येतो.

प्लेअरमध्ये ब्लूटूथ नसेल तर

मग ३.५ मिमी जॅकला लागणारा ब्लूटूथ ट्रान्समीटर घ्यावा लागतो. विकत घेताना नीट बघा: हुबेहूब तसाच दिसणारा रिसीव्हर असतो आणि तो बरोब्बर उलटं काम करतो, म्हणजे फोनवरचं गाणं घेऊन वायरच्या स्पीकरला देतो. दोन्ही कामं करणाऱ्या डब्यांवर टीएक्स (पाठवणं) आणि आरएक्स (घेणं) असा खटका असतो. आपल्याला टीएक्स हवं. खटका बदलल्यावर डबी बंद करून पुन्हा सुरू करावी, कारण काही डब्या चालू असताना बदल मानत नाहीत.

ट्रान्समीटरला बहुधा पडदा नसतो, म्हणजे तो आंधळाच. जवळपास पेअरिंगमध्ये असलेलं जे पहिलं उपकरण भेटेल त्याला तो चिकटतो, मग तो शेजारच्या खोलीतला स्पीकर का असेना. म्हणून बाकीची ब्लूटूथ उपकरणं बंद करा, हेडसेट आणि ट्रान्समीटर हातभर अंतरावर ठेवा, दोघांनाही पेअरिंगमध्ये टाका आणि मिनिटभर हात लावू नका. पिन टाकायला इथे जागाच नसते. ट्रान्समीटर नेहमीचे पिन स्वतःच देऊन पाहतो. हेडसेटचा पिन जगावेगळा असेल, तर ही जोडी जमत नाही.

आता प्लग. तो टक् असा बसला पाहिजे. अर्धवट बसला तर एकाच कानात आवाज येतो, किंवा मजेशीर प्रकार होतो: वाद्यं ऐकू येतात आणि गायकाचा आवाज लांब गेल्यासारखा किंवा गायबच. प्लगच्या बुडाशी असलेली ग्राउंडची कडी नीट टेकली नाही, की डाव्या आणि उजव्या आवाजातला फक्त फरक उरतो; गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा असल्याने तो वजा होऊन जातो. बऱ्याचदा गुन्हेगार असतं प्लेअरचं जाड रबरी कव्हर. ते काढून बघा.

आवाजाची पातळी हा या जोडणीतला सर्वांत दुर्लक्षित भाग. ट्रान्समीटरला प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून आवाज मिळतो, त्यामुळे प्लेअरचा व्हॉल्यूम इथेही लागू असतो. तो फार कमी ठेवून हेडसेटचा वाढवला तर गाण्याबरोबर सूं असा आवाजही वाढतो. पूर्ण वर नेला तर ढोलकी, बेस यांचे ठोके फाटतात, आणि ते एकदा ट्रान्समीटरमध्ये फाटले की हेडसेटवर कमी करून सुधारत नाहीत. बेस बूस्ट आणि इक्वलायझर बंद करा, प्लेअर साधारण तीन चतुर्थांशावर ठेवा, सर्वांत मोठ्या आवाजाचं गाणं लावा आणि फाटत असेल तर एकेक पायरी खाली या. एकदा जमलं की प्लेअरला हात लावायचा नाही, पुढचं कमी-जास्त हेडसेटवर. लाइन आउट, म्हणजे व्हॉल्यूम लागू न होणारं आवाजाचं वेगळं भोक, असलेल्या प्लेअरला ही कटकट नाही, तिथूनच घ्या.

हेडसेटवरचं ‘पुढचं गाणं’ बटण ट्रान्समीटरच्या जोडणीत चालत नाही. ट्रान्समीटरला प्लेअरकडून मिळतो तो नुसता आवाज. बटणाचा निरोप उलटा पोचवायला वाटच नसते. वाजत असताना ट्रान्समीटर आणि प्लेअर एकाच चार्जरवर लावले तर घूंऽऽ असा आवाज येऊ शकतो. तो ग्राउंड लूपचा, म्हणजे दोघांच्या ग्राउंडच्या वायरी चार्जरमधूनही जोडल्या गेल्याने येणारा, असतो. एकाची वायर काढली की जातो.

नंतर येणाऱ्या तक्रारी

घरात ठीक वाजतं आणि मोकळ्या मैदानात अडखळतं, ही तक्रार ऐकायला उलटी वाटते, पण खरी आहे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि शरीरातलं पाणी या लहरी शोषतं. खोलीत लहरी भिंतींवर आपटून वळसा घालून येतात. मैदानात भिंतच नाही. प्लेअर डाव्या मागच्या खिशात आणि हेडसेट उजव्या कानात असेल तर मध्ये अख्खं अंग आडवं येतं. प्लेअर हेडसेटच्या बाजूच्या वरच्या खिशात ठेवा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं. माहितीपत्रकातले १० मीटर मधे काही नसताना मोजलेले असतात. घरातही अडखळत असेल तर वाय-फायचा राउटर आणि चालू मायक्रोवेव्ह यांच्यापासून लांब जाऊन बघा.

काल जोडलेला हेडसेट आज जोडत नाही तेव्हा पहिला संशय फोनवर घ्या; त्यानेच हेडसेटला आधी पकडलेलं असू शकतं. फोन निर्दोष निघाला, तर जुनी ओळख पुसून पुन्हा पेअरिंग करा, आणि पुसायची ती दोन्हीकडून. प्लेअरच्या यादीतून हेडसेट काढला आणि हेडसेटने पेअरिंगच्या वेळी ठरलेली जुनी किल्ली (गुप्त संकेत) तशीच जपून ठेवली, तर दोघांच्या किल्ल्या जुळत नाहीत आणि ‘कनेक्शन फेल्ड’ येत राहतं. हेडसेटची स्मृती पुसण्याची बटणं मॉडेलप्रमाणे बदलतात, त्याला माहितीपत्रकच लागतं.

आवाज बारीक येत असेल तर प्लेअर आणि हेडसेट दोन्हीकडचा व्हॉल्यूम तपासा. काही जोड्यांमध्ये ते एकमेकांना बांधलेले असतात, बऱ्याच साध्या जोड्यांमध्ये नसतात.

प्लेअरवर व्हिडिओ बघताना ओठ आणि शब्द मागेपुढे होतील. ब्लूटूथवर आवाज सेकंदाच्या काही अंशाने उशिरा पोचतो. निव्वळ गाण्यांना त्याने काही बिघडत नाही.

एफएम रेडिओचं मात्र वेगळं आहे. बहुतेक प्लेअर इअरफोनची वायर हीच अँटेना म्हणून वापरतात. वायर काढून ब्लूटूथ लावलं की स्टेशनं खरखरतात, आणि कित्येक प्लेअर रेडिओ ब्लूटूथवर पाठवतच नाहीत. ज्यांत पाठवायची सोय आहे, त्यांत वायरचा इअरफोन नुसता खोचून ठेवा आणि ऐका हेडसेटवर.